माहेरचं कापड

या, असं लांब भिंतीला टेकून बसू नका. टाळ मांडीवर ठेवा आणि चार बोटं पुढं सरका. बुवांचा चहा व्हायचाय, पेटीवाला अजून सूर धरतोय. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगून होईल. पुराणातली नाही, आपल्या पनवेलातली, आणि फार जुनीही नाही. हिच्यात देव कुठं भेटतो ते मी सांगणार नाही, ज्याचं त्यानं शोधावं. पण ऐकताना कान माझ्याकडं आणि मन शशिकलेकडं असू द्या.

शशिकला कोन गावची सून. त्या दिवशी उजाडायच्या आधीच ती नवऱ्याबरोबर शेतात वाकली होती. दिवाळी दारात आलेली, आणि भात कापून वाफ्यात आडवं पडलेलं. अशा वेळी आभाळ निवळ हवं, तर ते गाभण म्हशीसारखं जड होऊन माथेरानच्या डोंगरावर टेकलेलं. वारा नाही. अंगाला चिकटणारा उष्मा, आणि ओल्या मातीचा कुबट वास.

"आजच्या आज भारे बांधून घ्या," पदर झटकत ती म्हणाली. "आभाल काय बरा दिसत नाय मना."

"बांधतो गो," कृष्णकांत म्हणाला. "तू जा. तुजा धाकला शेठ घड्याल घेऊन दारात उभा असंल."

कृष्णकांत तळोज्याच्या एका कारखान्यात होता. कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात तो घरी बसला. तेव्हापासून त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार एकच, शशिकलेचा. तोही कच्चा. दिवाळीपर्यंत काम बघू, मग कायम करायचं का ते ठरवू, असं धाकट्या शेठनं सांगून ठेवलेलं. म्हणून पाठीत कळ घेऊन ती रिक्षात बसली आणि दुकानात पोचल्यावर लाल कोट अंगावर चढवून काउंटरला उभी राहिली.

दुकान इक्बालशेठचं. बाजारपेठेतलं जुनं कापडाचं दुकान. पूर्वी तिथं लाकडी ओटा होता, वर पांढरी गादी, आणि रस्त्यावरून चढायला दगडी पायऱ्या. शेठ गादीवर मांडी घालून बसायचे, गिऱ्हाईक पुढ्यात बसायचं, आधी घरादाराची खुशाली आणि मग कापड. आता शेठ थकले. त्यांचा मुलगा अरीब दुबईच्या मोठ्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं काम करून परत आला, त्यानं पायऱ्या काढल्या, काचेचा दरवाजा लावला, आत गारवा केला. पोरगा वाईट नव्हता. सकाळी झाडूवाला आला नाही तर स्वतः झाडायचा. पण त्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक जाताना हसायचं, पिशवी दोन्ही हातांनी द्यायची आणि म्हणायचं, "धन्यवाद, पुन्हा या, शुभ दीपावली." यातला एक शब्द गाळलेला त्याला खपायचा नाही.

त्या दिवशी धनत्रयोदशी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपार कलल्यावर इक्बालशेठ असरच्या नमाजाला मशिदीत गेले, आणि त्याच वेळी रोडपालीची एक मॅडम शशिकलेच्या समोर येऊन बसली. मिताली तिचं नाव. तिच्यापुढं साड्यांचा ढीग झाला होता तरी बोट वरच्या फळीकडंच.

"तो मोरपंखी दाखवा ना. नाही हो, त्याच्या खालचा."

शशिकला स्टुलावर चढली. वाकून वाकून आखडलेली पाठ वर ताणताना तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं साडी काढली, उलगडली.

"ह्यात लाइट शेड नाही का?"

"ह्याच्यातली ही शेवटची, मॅडम."

"ऑनलाइन तर दिसतेय मला."

"असंल मॅडम."

"असंल म्हणजे? असं तोडून काय बोलता? मी साधा प्रश्न विचारला. आल्यापासून बघतेय, तुमच्या चेहऱ्यावर इतका वैताग का आहे?"

"वैताग नाय मॅडम. पाठ दुखतेय जरा."

"मग घरी आराम करायचा. इथं दिवाळीच्या दिवशी आम्ही तुमचे असे चेहरे बघायला येतो का?" तिनं मान वळवून हाक मारली, "एक्स्क्यूज मी, मॅनेजर कोण आहे इथं?"

अरीब धावत आला. सॉरी मॅम, काय झालं मॅम, पाणी घ्या मॅम. तिची समजूत घालून झाल्यावर तो शशिकलेच्या कानाशी वाकला. आवाज हळू, पण दातातून येणारा.

"शशिकलाताई, परमनंट कुणाला करायचं ते दिवाळीनंतर मलाच ठरवायचंय ना? आता पुढचा कस्टमर. मी इथंच उभा आहे. स्माइल, दोन्ही हात आणि पूर्ण वाक्य. जमत नसेल तर आत्ताच सांगा, कोट काढून ठेवा."

"जमंल," शशिकला म्हणाली. तिनं ओठ ताणून हसू तयार ठेवलं.

पुढचं गिऱ्हाईक आलं. विशीतला पोरगा. केस विस्कटलेले, डोळे जागरणाचे. त्यानं खालमानेनं सांगितलं, "पांढरं मांजरपाट द्या. पाच वार."

मंडळी, इथं जरा थांबा. तुम्ही आम्ही जुनी माणसं. मयताचं कापड घ्यायला गेलेला माणूस दुकानात चढत नाही. खाली रस्त्यावर उभा राहून सांगतो, मयताचं आहे. दुकानदार मापात खळखळ करत नाही, कात्री लावत नाही, हातानं टराटरा फाडतो. पिशवीत घालत नाही. या बसा म्हणत नाही, आणि जाताना तर तोंडातून चकार शब्द काढत नाही. त्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं. शहरात वाढलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा. पायऱ्या नव्हत्या, काचेचं दार आपोआप उघडलं, तो आत आला आणि रांगेत उभा राहिला. तो अनवाणी होता. पण काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाइकाचे पाय दिसत नाहीत.

शशिकलेनं कात्री घेतली, कापड कापलं, घडी केली. दिव्यांची आरास छापलेल्या चकचकीत पिशवीत घातलं. अरीब बाजूला उभाच होता, आणि मितालीनं तिचा चेहरा टिपायला मोबाइल वर धरला होता. तिनं दोन्ही हातांनी पिशवी पुढं केली, होता नव्हता तेवढा चेहरा फुलवला आणि खणखणीत म्हणाली, "धन्यवाद, पुन्हा या, शुभ दीपावली!"

पोरगा एक पाऊल मागं सरला. मग पिशवी घेऊन गेला.

"सी? जमतं तुम्हाला," अरीब म्हणाला.

तिला आत कुठंतरी काटा रुतल्यासारखं झालं, पण कशाचा ते कळेना. कळायला फार वेळ लागला नाही. काचेचं दार उघडलं आणि उघडंच राहिलं. बाहेर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. रापलेला, दाढी वाढलेली, हातात तीच पिशवी. त्याच्यामागं तो पोरगा. माणूस आत आला नाही. दारापलीकडूनच त्यानं आवाज टाकला.

"ह्या कापड कुनी दिला?"

शशिकलेची नजर पहिल्यांदा खाली गेली. दोघांचे पाय उघडे होते, चिखलानं भरलेले. 

"कुनी दिला? इचारतो मी! आय माजी सकालपासून अंगनात निजवलीय. तिच्यासाटी कापड आनाया पुतन्याला धाडला, आन तुमी त्याला दात काढून सांगता, पुन्ना या? अजून कुनाला न्यायाचा हाय माज्या घरातला? सांगा ना! ही दिव्यांची पिशवी तिच्या उशाला ठेवू?"

तो कमलाकर. तळोज्याच्या पलीकडं खाडीकाठी त्याचं गाव. गाडी लावायला जागा नाही म्हणून तो टेम्पोतच बसला होता आणि निनादला, म्हणजे त्या पुतण्याला, त्यानं दुकानात पाठवलं होतं.

अरीब हात जोडत पुढं झाला. "सॉरी सर. मिसअंडरस्टँडिंग झालं सर. मी लगेच एक्स्चेंज करून देतो."

"एक्चेंज?"

"नाहीतर असं करा सर, आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी घ्या. पैसे देऊच नका."

"फुकट? माज्या आयला फुकटचा कापड?" कमलाकरचा आवाज फाटला. "भिकारीन हाय काय रं ती? शेती केली तिनी, बोट हाकली, तुमच्यासारक्या धा जनांना जेवू घातला असंल!"

अरीबचे जोडलेले हात खाली आले. दुबईत त्याला रागावलेलं गिऱ्हाईक शांत करायला शिकवलं होतं, पण हे त्या शिकवणीत नव्हतं. दुकानातल्या बायका एकमेकींना चिकटून उभ्या. मितालीचा मोबाइल अजून वरच. कुणी म्हणालं, "जाऊ द्या काका, तिला काय माहीत." अरीब शशिकलेकडं वळून पुटपुटला, "सांगा ना त्यांना, मुलानं काही सांगितलंच नाही म्हणून! चूक त्यांचीच आहे."

ते खरं होतं. तेवढं एक वाक्य बोलली असती तर सगळं दुकान तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं, आणि तो निनाद चुलत्यापुढं उघडा पडला असता. तिनं निनादकडं पाहिलं. तो रडायच्या बेतात होता. आजी अंगणात आणि आपण हे काय करून बसलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. शशिकला काउंटरला वळसा घालून बाहेर आली, दार ओलांडून रस्त्यावर उतरली आणि कमलाकरच्या समोर उभी राहिली.

"मी दिला दादा. चुकला माजा."

"चुकला म्हनून काय व्हतं? बोलला तो बोलला. आता तो माघारी कसा घेशील?"

"नाय घेता येत. दुसरा कापड देते, हातानं फाडून."

"नको. तुमच्या दुकानचा धागा नको आता मना."

"मग कुठं जाल? सनाच्या दिवशी कुनी उभा करंल?"

कमलाकरनं निनादकडं पाहिलं. येताना दोन दुकानांत निनादला हात हलवून वाटेला लावलं होतं, ते त्या नजरेतूनच तिला कळलं. मग त्याच्या आतलं खरं दुखणं बाहेर आलं.

"माहेर आसता तर तुमच्या दारी आलोच नसतो. आयचा शेवटचा कापड माहेरशी याचा लागतो. लेकानं आनायचा नसतो तो. पन तिचा भाऊ गेला, भावजय गेली, पोरबाल नव्हताच. घर होता तो रस्त्यात गेला. निरोप तरी कुना देऊ? कुत्रा नाय राहिला तिच्या माहेरचा."

"कुठला माहेर, दादा?"

"कोन."

आपल्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. लेक नांदायला जाते ती माहेरचं नेसून, आणि शेवटची निघते तीही माहेरचंच लेवून. आयुष्यभर सासरचं मीठ खाल्लं तरी त्या दिवशी वाट बघायची ती माहेरच्या वाटेची. ते आलं नाही तर बाया कुजबुजतात, हिचं कुणी नव्हतं गो.

शशिकला एक पाऊल पुढं सरकली. "नाव काय आयचा?"

"धाकलीबाय."

तिनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. ती कोनमध्ये सून होऊन आली त्याच्या कितीतरी आधी धाकलीबाय लेक म्हणून निघून गेलेली. तरी ती म्हणाली, "मी कोनची सून हाय. त्या कोनच्या लेक. म्हंजे गावाच्या नात्यानं माज्या नणंदच. मी आनते कापड. दुकानचा नाय, कोनचा."

"म्हंजे?"

"माज्या कष्टाचा. मी घेतला की तो माज्या घरचा, माज्या घरचा म्हंजे कोनचा. तुमाला पटत नसंल तर उंबऱ्यावरून परतवा मना."

कमलाकरनं तिला नखशिखांत न्याहाळलं. विश्वास ठेवावा असं तिच्यात काही नव्हतं. लाल कोट, त्यावर दुकानाचं नाव, आणि ज्या तोंडातून ते शब्द निघाले तेच तोंड. त्यानं आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेला ढगांखाली उजेडाची एक चिरी उरली होती.

"अंधार पडला की आमच्यात सरन पेटवत नाय," तो म्हणाला. "तवर आलीस तर बगू. नायतर हाय त्या जुन्या लुगड्यावर नेऊ. आन माज्या टेम्पोत नाय न्यायाचा तुला. माहेर आपल्या वाटनं येतो."

ती चकचकीत पिशवी त्यानं दुकानाच्या दारापासून लांब, गटाराच्या कडेला ठेवली. आत आणली नाही, कुणाच्या अंगावर फेकली नाही. एवढ्या रागातही. आणि टेम्पो निघून गेला.

शशिकला वळली तर अरीब दारातच आडवा. "कुठं निघालात?"

"कापड पोचवून येते."

"आज? धनतेरसच्या संध्याकाळी? बघा, रांग कुठपर्यंत गेलीय! आणि तो माणूस तिथं तुम्हाला मारणार नाही कशावरून? ताई, मी साफ सांगतो. आत्ता शिफ्ट सोडून गेलात तर उद्या यायची गरज नाही."

 तिच्या डोळ्यांपुढं घर आलं. कॉलेजात जाणारी दीपिका, घरी बसून बसून बारीक होत चाललेला नवरा, वाफ्यात भिजायची वाट बघणारं भात. एकीकडं ते सगळं जितंजागतं घर, आणि दुसरीकडं कधी न पाहिलेली एक मेलेली म्हातारी. कोणताही शहाणा माणूस सांगेल, आत जा गो, काउंटरला उभी राहा.

"बरा," ती म्हणाली. "नाय येत उद्या." आणि कोटाची बटणं सोडायला लागली. वरचंच बटण निघेना.

"कसलं भांडण आहे?" मागून आवाज आला. इक्बालशेठ मशिदीतून परतले होते. पांढरी टोपी, हातात काठी. अरीब एकीकडून आणि दोन गिऱ्हाईक बायका दुसरीकडून सांगू लागल्या. शेठनी सगळं ऐकून घेतलं. एकदा त्या गटारकडेच्या पिशवीकडं पाहिलं आणि आत जाऊन मागच्या मांडणीपुढं उभे राहिले.

"बेटी, थान काढ मांजरपाटाचं. कोरं, न उघडलेलं."

तिनं थान काढलं. शेठनी काठी टेकवून ठेवली, कापडाला कडेनं दातांनी चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडलं. भरल्या दुकानात तो टर्र आवाज असा घुमला की बायकांच्या कडेवरची पोरं रडायची थांबली. पैसे तिच्या पगारातून वळते करून घ्यायचे, हे दोघांना न बोलता कळलं. दान झालं असतं तर ते कोनचं राहिलं नसतं.

"अरीब, गाडी काढ. हिला सोडून ये."

"अब्बा! दुकान भरलंय. मी गेलो तर कोण बघणार?"

"मी पन्नास वर्षं बघतच होतो की." शेठ खाली बसले. त्यांचा आवाज उतरला. "तुझी अम्मी गेली तेव्हा तू तिकडं होतास, बेटा. तिकीट मिळालं नाही, तुझा दोष नव्हता. पण जनाज्याला तुझ्या जागेवर खांदा कुणी दिला, कधी विचारलंस? एका गिऱ्हाइकानं. कापड घ्यायला आला होता, दुकान बंद दिसलं, म्हणून घरी आला. नावसुद्धा मला माहीत नाही त्याचं."

 अरीबनं चावी घेतली.

कळंबोलीच्या सर्कलवर ट्रकांची ही रांग लागलेली. अरीबची स्कूटर दोन कंटेनरांच्या फटीतून वाट काढत होती, मागं शशिकला कापड छातीशी धरून बसलेली. वारा सुटला होता. ढगांखालची उजेडाची चिरी बारीक होत चालली होती, आणि सिग्नल काही सुटत नव्हता.

"त्या मुलानं आधी सांगायला नको होतं?" अरीब हेल्मेटमधून ओरडला.

"त्याला ठाऊक नसंल. नवी पोरा."

"मग चूक तुमची कशी?"

"तोंड माजा व्हता ना, धाकले शेठ."

सिग्नल सुटला. बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "मी सांगितलं म्हणून बोललात तुम्ही."

"व्हय," शशिकला म्हणाली. नाही नाही, तुमचं काय त्यात, असं म्हणायची तिची सवय होती. त्या दिवशी म्हणाली नाही.

कारखान्यांचा उग्र वास मागं पडला आणि खाडीचा खारा वास आला, तेव्हा तिनं त्याला गावाच्या वेशीवर थांबवलं. लाल कोट काढून त्याच्या हातात दिला, चपला तिथंच सोडल्या, पदर डोक्यावरून घेतला. "हितनं चालत जायला लागतं," म्हणाली. अरीबच्या खिशात फोन मघापासून सारखा थरथरत होता. त्यानं काढून पाहिला. मितालीचा व्हिडिओ गावभर फिरत होता. त्यात कमलाकरचं ओरडणं होतं आणि शशिकलेचं हसरं तोंड, पुढचं काहीच नव्हतं. खाली माणसं लिहीत होती, अशा बाईला आधी कामावरून काढा. दुकानाला टाळं लावा. कुठल्या कुठल्या गावची माणसं. अरीबनं वाचलं, चिखलातून पुढं चाललेल्या तिच्या पाठीकडं पाहिलं आणि फोन बंद करून टाकला.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. बायांचा गराडा. शशिकला आत शिरली तशी कमलाकरची मोठी बहीण ताडकन उठली.

"हीच काय रं ती दुकानवाली? हिची हिंमत झाली हितं याची?"

"मी कोनशी आयले," शशिकला म्हणाली. "माहेरचा कापड आनलाय."

"कोनशी! आमची मामी मेल्यावर कोन संपला आमाला. तू कुठची उगवलीस?"

कमलाकर खांबाला टेकून उभा होता. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुरुषमाणसं आभाळाकडं बघत चुळबुळत होती. कुणीतरी म्हणालं, उजेड जातोय, काय तो निकाल लावा.

तेवढ्यात मयताच्या उशाशी बसलेल्या एका म्हातारीनं मान वर केली. धाकलीबायची जन्माची शेजारीण. तिला दिसत नव्हतं. "जवल ये गो," ती म्हणाली. "कोनची हायस ना? मंग सांग. तिच्या घरामागं हीर व्हती, चिचंच्या झाडाबुडी. रोज मना त्या हिरीचं सांगायची. किती गोड पानी, किती गार. हाय का गो ती हीर?"

सगळ्यांचे कान तिच्याकडं लागले. हाय म्हणणं किती सोपं होतं! दिवसभर शशिकला तेच करत आली होती. छान दिसते मॅडम, रंग उठून दिसतो मॅडम. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं. जीभ वळली होती तिकडं.

"नाय आत्या," ती म्हणाली. "बुजवली. रस्त्याच्या भरावात गेली. चिच तेवरी हाय."

 म्हातारीचे ओठ हलले. मग तिनं हात पुढं करून चाचपत शशिकलेचं मनगट धरलं.

"खरी हाय रं ही," ती म्हणाली. "खोटी आसती तर हीर पान्यानं भरलेली सांगितली आसती. पुरं करा आता. नेसवू द्या तिला."

बहीण बाजूला झाली. शशिकला खाली बसली. धाकलीबायचा चेहरा तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लहानखुरा, सुरकुतलेला, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिनं कापड उलगडून पायांपासून वर ओढत नेलं, खांद्याशी खोचलं, कपाळावरचे केस मागं सारले. अशा वेळी माहेरच्या बाईनं मोठ्यानं गळा काढायचा असतो. तिनं तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. आणि मग फुटला तो कुणासाठी, तिलाच कळलं नाही. पाठीच्या कळेसाठी असेल, बुजलेल्या विहिरीसाठी असेल. पण त्या रडण्यावर कुणाची देखरेख नव्हती, एवढं खरं. तिच्यामागून सगळ्या बाया रडल्या.

तिरडी उचलायच्या आधी कमलाकर तिच्यासमोर आला. डोळे लाल, आवाज तसाच रांगडा.

"दहाव्याचा पान कोनच्या मानसाबिगर वाढनार नाय. घरवाल्याला पन आन."

"आनते," ती म्हणाली.

वेशीवर अरीब उभा होता. तिरडीला वाट मिळावी म्हणून त्यानं स्कूटर खाचरात उतरवली होती आणि स्वतः घोटाभर चिखलात, मान खाली घालून. खाडीकडं ज्वाळा दिसली तेव्हा दिवसाचा शेवटचा उजेड अजून पाण्यावर होता.

दोघांनी मिळून स्कूटर वर काढली. लाल कोट त्याच्या हातावरच होता. त्यानं तो पुढं केला नाही, तिनंही मागितला नाही.

"धाकले शेठ," ती चाचरत म्हणाली, "दहाव्याला मना याला लागंल. कामावर ठेवनार नसाल तर तसा सांगा. ठेवनार असाल तर त्या दिवसाची सुट्टी पायजे."

अरीबनं चाकाचा चिखल काठीनं काढत विचारलं, "आणि त्या दिवशी काउंटरला कोण?"

"तुमी."

"मला कापड फाडता येत नाही हातानं. वाकडं जातं."

"अब्बांना इचारा. ते शिकवतील."

त्यानं हेल्मेट तिच्या हातात दिलं, स्कूटर चालू केली, आणि ती बसेपर्यंत थांबला. "उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल," तो समोर बघत म्हणाला. "भात बांधायचं असेल ना तुमचं."

मंडळी, गोष्ट एवढीच. तो व्हिडिओ अजून फिरतो, आणि अजून कुणी ना कुणी शशिकलेला ओळखून तोंड फिरवतं. तिची त्याला तक्रार नाही. पण माझी तुमच्यापाशी एक मागणी आहे. घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढाल, तेव्हा त्यांच्या मागोमाग आणखी एक नाव घ्या. धाकलीबाय, कोनची लेक. तिच्यासाठी ते घेणारं दुसरं घर कोनमध्ये नाही.